हुज्जत न घालणारा माणूस

माझा नातू टीव्हीवर जुन्या परदेशी मालिका बघतो. जुन्या म्हणजे माझ्या लहानपणच्या काळातल्या, काळ्या-पांढऱ्या. त्यांत एक शास्त्रज्ञ असतो, त्याचं तळघर असतं आणि तळघरात तो माणसांची हुबेहूब यंत्रं बनवतो. मग कुणाचा तरी नवरा संध्याकाळी कामावरून घरी येतो, टोपी खुंटीला लावतो, जेवायला बसतो, आणि हा तो नव्हेच हे बायकोला कळतच नाही. नातू मला म्हणतो, "आजी, तू जाऊन झोप, तुला भीती वाटेल." भीती कसली वाटतेय या वयात! मला वाटते ती लाज. पण ते त्या पोराला कसं सांगायचं? मी गुडघे धरून उठते आणि आत जाते, आणि त्याला वाटतं आजी घाबरली.

आमचं घर काशीदच्या पुढं, खाडीच्या तोंडाशी असलेल्या कोळीवाड्यात होतं. शेणानं सारवलेली पडवी, तिच्यात जाळ्यांचा ढीग, त्या ढिगावर हटकून अंडी घालणारी एक कोंबडी, आत एकच मोठी खोली आणि तिच्या कोपऱ्यात चूल. अंगणात बांबूच्या वलांडीवर बोंबील वाळत असत आणि वारा समुद्राकडून आला की ते एकमेकांवर आपटून खुळखुळत. आमच्या कपड्यांना, वह्यांना, केसांना त्यांचा वास होता. पुढं अलिबागला शिकायला गेले तेव्हा शेजारच्या मुलीनं नाकाला रुमाल लावला, तोवर असा काही वास असतो हेच मला ठाऊक नव्हतं. सकाळी तांदळाची भाकरी आणि निखाऱ्यावर भाजलेला सुका बांगडा, दुपारी भात आणि मिळेल त्या मासळीचं कालवण. श्रीमंती नव्हती, पण पोट रिकामं राहिल्याचं आठवत नाही.

आणि या सगळ्याच्या वर माझ्या बाचा आवाज. बा गलबतावर खलाशी होता. कौलं, मीठ, लाकूड भरून गलबत मलबारापासून काठेवाडापर्यंत जाई, आणि पावसाळ्यात ते किनाऱ्यावर ओढून ठेवलं की बा चार महिने घरी. ते चार महिने म्हणजे नुसती हुज्जत. वाण्याशी तागडीवरून, भटजींशी मुहूर्तावरून, धाकट्या भावाशी म्हणजे माझ्या काकाशी जाळ्याच्या गाठीवरून. कोणी म्हटलं की आज उधाण आहे, तर बाचा पहिला सवाल, "कोनी सांगितलं?" मग स्वतः जाऊन बघून यायचा, परत येऊन म्हणायचा, "उधान हाय, पन तू म्हनतो तेवडं न्हाय." आय कपाळाला हात लावायची. "देवा, पुढच्या जल्मी मुका नवरा दे रं बाबा," असं ती दिवसातून एकदा तरी म्हणे, आणि बा तिला विचारी, "पुढचा जल्म हाय ह्ये तुला कोनी सांगितलं?" मी त्याची एकुलती एक लेक. माझं नाव चंपा, पण त्याच्या तोंडी मी 'वकिलीन', कारण वाड्यात त्याला हुज्जतीत पुरी पडणारी मीच होते.

एका वर्षी गलबत परतलं नाही. दुसऱ्या बंदराच्या लोकांना फळ्या तरंगताना दिसल्या, एवढीच बातमी. आम्ही पुष्कळ वाट बघितली. मग मोठी माणसं म्हणाली, आता आत्म्याला किती तंगवत ठेवायचं? ज्याचा देह मिळत नाही त्याचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. पळसाच्या पानांचं अंग केलं होतं आणि डोक्याच्या जागी नारळ. काकानं अग्नी दिला. "बा एवडा बुटका न्हवता," असं मी म्हणाले होते म्हणे. कोणी हसलं नाही. वाड्यातल्या बायकांनी आयच्या बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं, आणि दुसऱ्या आठवड्यापासून आय पांढऱ्या कपाळानं मुरूडच्या बाजाराला सुकी मासळी घेऊन जाऊ लागली.

त्यानंतर पंचायतीचा रेडिओ आला. शाळेच्या व्हरांड्यात कुलूपबंद पेटीत तो असे. गुरुजी संध्याकाळी किल्ली घेऊन यायचे, पेटी उघडायचे, आणि माडाला बांधलेली तार वाऱ्यानं हलली की रेडिओतली माणसं खरखरून गप्प व्हायची. आठवड्यातून एकदा त्यावर एक रहस्याची श्रुतिका लागे. डोंगरावरच्या बंगल्यातला एक डॉक्टर घरातल्या एकेका माणसाला पळवतो आणि त्याच्या जागी तसाच यंत्रमानव बसवतो. आधी माळी, मग भाऊ, मग खुद्द बायको. आम्हाला काही दिसत नव्हतं ना, म्हणून यंत्रमानव चालू लागला की रेडिओतून 'कट्, कट्' असा बारीक आवाज यायचा. तो आवाज आला की सगळा व्हरांडा श्वास रोखायचा. माझी मैत्रीण मंजी माझ्या दंडाला नखं लावून बसे. त्या श्रुतिकेत एक गुप्तहेर होता. त्यानं यंत्र ओळखायची खूण सांगितली होती: यंत्राला जे सांगाल ते ते मुकाट करतं, खरा माणूस आधी विचारतो, 'का?' हे वाक्य आम्हा पोरांना पाढ्यांपेक्षा पाठ झालं होतं. आम्ही एकमेकांना हुकूम सोडायचो, आणि जो चुकून ऐकेल तो यंत्र. शेजारच्या भागूआत्याला यात काही नवल वाटलं नाही. ती म्हणाली, "आपल्या खाडीतला गिऱ्हा काय येगळा हाय? तो पन वळखीच्या मानसाचं रूप घेतो, हाक मारतो, आनि खोल पान्यात नेतो." म्हणजे म्हाताऱ्यांचा गिऱ्हा आणि आमचा यंत्रमानव. दोघांचा धंदा एकच.

गौरी-गणपती आटपले आणि अलिबागहून निरोप आला. काका गेला, आणि बाला घेऊन आला.

एसटीतून उतरून ते दोघं पुळणीवरून येत होते तेव्हा अर्धा वाडा बाहेर उभा होता. मी पळत पुढं गेले आणि मधेच थांबले. माणूस बाच होता. नाक तेच, कानाची तुटकी पाळी तीच. पण सुकून काटकी झाला होता, आणि उजवा पाय ताठ. मोडलेलं हाड कुणी तरी कसंही बसवलं होतं. तो पाऊल टाकी तेव्हा गुडघ्यातून आवाज यायचा. कट्. मंजीनं माझ्याकडं बघितलं. मी तिच्याकडं बघितलं. बानं मला पाहिलं, हात अर्धा वर उचलला, आणि मी पुढं येत नाही हे बघून खाली घेतला. आय दारात आली, त्याला बघितलं, आणि पदर कपाळावर ओढून आत पळाली. मला वाटलं तीही घाबरली. तिनं आपलं रिकामं कपाळ झाकलं होतं, हे समजायला मला स्वतःचं लग्न होऊन जावं लागलं.

भटजींना बोलावलं. ते म्हणाले, अग्नी दिलेला माणूस परत आला तर त्याचा नव्यानं जन्म करावा लागतो. त्याला न्हाऊ घालायचं, बारसं करायचं, आणि मग त्याच बायकोशी त्याचं पुन्हा लग्न लावायचं. मुहूर्त तुळशीच्या लग्नानंतरचे. तोवर त्यानं घरात राहावं, जेवावं, त्याला हरकत नाही. पण नवरा-बायको म्हणून व्यवहार ठेवू नये. आणि जन्म झाल्याशिवाय त्याला कोणी होडीवर घेऊ नये. सगळे बाच्या तोंडाकडं बघत राहिले. आता सुरू होणार, अशी खात्रीच होती सगळ्यांची. 'मी मेलोच न्हाय तर जल्म कसला?' हे वाक्य मी तर मनात त्याच्या आवाजात ऐकूनही टाकलं होतं. बानं जमिनीकडं बघून म्हटलं, "बरं."

नुसतं "बरं." काकासुद्धा दचकला.

त्या दिवसापासून आमचं घर असं झालं की बोंबील खुळखुळल्याचा आवाज आत चुलीपर्यंत ऐकू यावा. आय बाशी बोलत नव्हती. व्यवहार नको म्हणजे बोलणंही नको, असा अर्थ तिनं घेतला होता, आणि खरं सांगायचं तर तिला तोंड दाखवायची चोरी झाली होती. नवरा समोर जिवंत बसलाय आणि आपण विधवेच्या कपाळानं त्याला वाढतोय. ती काकाला सांगे, "भावजी, आनखी भात व्हवा का इचारा." काका विचारी. बा म्हणे, "बास." काकाही फार बोलत नसे, कारण अग्नी त्यानं दिला होता. वाड्यातले लोक पडवीच्या कडेनं जाताना हळूच बघायचे आणि पुढं जायचे. भागूआत्यानं दाराला बिब्बा बांधून घेतला. आणि शाळेत मंजीच्या तोंडून सुरू झालेलं 'कट्-कट्' सगळ्या वर्गाच्या तोंडी झालं. वर आईबापाच्या लग्नाला लेक करवली म्हणून मिरवणार, याचं गाणं रचलेलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. एक दिवस बा मला न्यायला शाळेच्या कुंपणापाशी येऊन उभा राहिला, तर पोरांनी रांग धरली आणि ताठ पाय टाकत त्याच्यासमोरून चालून दाखवलं. तो हसला. चेष्टा कळून हसला की न कळून, देव जाणे.

वाटेत मी त्याला म्हटलं, "बा, उद्यापास्नं शाळेकडं यायचं न्हाय."

"बरं," तो म्हणाला.

आता माझी बाजू कोणी घेणार असेल तर एवढंच सांगते, की मला तो यंत्र ठरायला नको होता. उलट होतं. मला वाटे, एकदा, फक्त एकदा त्यानं मला विचारावं, 'का? कोनी सांगितलं?' म्हणजे मी मंजीच्या तोंडावर सांगू शकले असते. म्हणून मी हुकूम वाढवत नेले. "बा, इहिरीवरनं पानी आन." आमच्याकडं पुरुषमाणूस कधी हंडा उचलत नाही. बायकांनी तोंडाला पदर लावून हसून घेतलं. बा ताठ पाय ओढत हंडा घेऊन आला, निम्मं पाणी अंगावर सांडलेलं. "बा, कोंबडीखालची अंडी मोज." मोजली. "पुन्ना मोज." पुन्हा मोजली. "बा, आता उनात उभा ऱ्हा, मी येईपरेंत." मी मंजीकडं जाऊन सागरगोटे खेळून आले तर हा वलांडीशेजारी उभा, घामानं निथळत. मला बघून म्हणाला, "आली का?" रागानं नाही. बरं वाटल्यासारखं. मी त्या घामाकडं बघितलं आणि मनात म्हटलं, यंत्राला घाम येत नसणार. पण श्रुतिकेत घामाचं काही सांगितलेलं नव्हतं, आणि माझा विश्वास डोळ्यांपेक्षा रेडिओवर जास्त होता.

पुष्कळ वर्षांनी, बाच्या पश्चात, काकानं मला सांगितलं की गलबत फुटल्यावर बाला परक्या जहाजानं उचललं आणि परक्या बंदरात कागदपत्रं नाहीत म्हणून कोठडीत टाकलं. तिथं सुरुवातीला तो हुज्जत घालत असे. पाय तिथंच मोडला. मग तो शिकला. हो म्हटलं की भाकर मिळायची. हे काकाला त्यानं एसटीत येतानाच सांगितलं होतं आणि घरी सांगू नको म्हणून शपथ घातली होती. लाज वाटत होती त्याला. आमच्या घरात त्या दिवसांत ज्याला-त्याला लाजच वाटत होती, आणि प्रत्येकानं आपापली पदराखाली झाकून ठेवलेली.

दुपारी घरात आम्ही दोघंच असायचो. काका होडीवर, आय मुरूडला. शाळेच्या मधल्या सुट्टीत मी घरी येई आणि आयनं झाकून ठेवलेलं दोघांना वाढून घेई. चुलीपुढं मी आणि तो समोरासमोर. त्याचा तो चावण्याचा आवाज, ते खाली बघून जेवणं, आणि मांडी घालताना गुडघ्यातली ती 'कट्'. एका दुपारी माझ्या मनात आलं, माणूस कशालाही हो म्हणेल, पण आपल्याच घरात आपल्या पानावरून उठ म्हटलं तर? तिथं तरी चिडेलच. माझा बा तर ताटच भिरकावील. मी म्हटलं, "बा, आत जेवायचं न्हाय. भाईर जा. पडवीत बस."

त्यानं माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता. आता विचारील. त्याचे ओठ हलले. मग हातातला घास त्यानं ताटात ठेवला, एका हातानं जमीन धरून तो उठला, ताट उचललं आणि बाहेर गेला. जाळ्यांच्या ढिगाशेजारी भिंतीला टेकून, ताठ पाय पुढं पसरून जेवायला लागला. कोंबडी त्याच्या ताटाभोवती फिरत होती. मला रडूच आलं, पण मी ते यंत्रमानव घरात आल्याच्या भीतीचं रडू मानलं. दुसऱ्या दिवशी मी वाढलं तर सांगायची गरजच पडली नाही. त्यानं आपण होऊन ताट उचललं. तिसऱ्या दिवशीही. पुढं पुढं तर मी ताट सरळ पडवीतच नेऊन ठेवू लागले.

एके दिवशी आयची मासळी लवकर खपली. डोईवर रिकामी पाटी घेऊन ती अंगणात आली तेव्हा मी दाराच्या आत, माझ्या ताटावर, आणि बा पडवीत, त्याच्या ताटावर. आय जागच्या जागी उभी राहिली. पाटी खाली ठेवली. पदर कपाळावर ओढायचा तिचा हात तसाच राहिला, आणि बा परत आल्यापासून पहिल्यांदा ती त्याच्याशी बोलली.

"हितं का बसला तुमी?"

बा गडबडला. तोंडातला घास गिळला. "पोरीनं सांगितलं."

"पोरीनं सांगितलं? आनि तुमी आयकलं? तुमी?"

"व्हय."

"किती दीस?"

तो ताटाजवळची कोंबडी हाकलू लागला. आयनं दारातून माझ्याकडं बघितलं. आता पाठीत चुलीतलं लाकूड बसणार म्हणून मी आक्रसून बसले. पण ती परत त्याच्याकडं वळली आणि ओरडली. घसा फाटल्यासारखी ओरडली, "का आयकता तिचं? काय गडी हाय का तुमी तिचे? शेंबडी पोर ती!"

"आगं, तिला कशाला," बा म्हणाला. आवाज अगदी लहान, समजूत काढतो तसा. "घरात तीच येक माझ्याशी बोलते. काम सांगते खरी. पन बोलते."

पडवीत कोंबडी तेवढी कुरकुरत होती. मी घास हातात घेऊन बसले होते, तो खाली ठेवायचंही सुचलं नाही. आयनं भिंतीला हात लावला आणि ती हळूहळू खाली बसली, त्याच्या समोर, जमिनीवरच. तेव्हा काहीतरी भरपाई करावी म्हणून मी आतून म्हटलं, "बा, आत ये. आत बसून जेव."

तो लगेच उठायला लागला. माझा शब्द पुरा व्हायच्या आत. ताट इतक्या घाईनं उचललं की कालवण त्याच्या धोतरावर सांडलं. मी सांगितलं म्हणून. मी बाहेर जा म्हटलं तेव्हा जसा उठला होता, अगदी तसाच. माझ्या तोंडातून आलेली चांगली गोष्टसुद्धा त्याला हुकूम म्हणूनच पोचली. आज एवढं आयुष्य मागं पडलं, मुलं झाली, नातवंडं झाली, शिक्षिका होऊन शाळेत दोन पिढ्यांच्या पोरांना मी 'मोठ्यांचा मान ठेवावा' म्हणून शिकवलं. पण ते सांडलेलं कालवण आठवलं की मी आजही एकटी असले तरी पदर तोंडावर घेते.

आयनं त्याचा हात धरला. व्यवहार नको म्हणून भटजींनी सांगितलेलं होतं आणि तिनं भर दुपारी, वाड्यादेखत त्याचा हात धरला. "बसा," ती म्हणाली. "कोनी सांगितलं म्हनून उठायचं न्हाय आता." मग माझ्याकडं न बघता, "चंपे, माजं ताट हितं आन."

मी आणलं. भात वाढला, कालवण वाढलं, तिच्यापुढं ठेवलं. माझंही ताट आण, असं कोणी म्हणालं नाही. मी आत येऊन चुलीपुढं बसले. बाहेरून जेवणाचा आवाज येत होता. मग बा काहीतरी बोलला, आय काहीतरी म्हणाली, आणि मग त्याचा आवाज जरा चढला.

"आंबाट झालंय ह्ये."

"कुटं झालंय आंबाट?"

"मंग काय ग्वाड हाय? चिच कोनी घातली येवडी?"

"दोन वर्सांनी माज्या हातचं मिळालं, आनि आता चुका काडता व्हय?" आय म्हणाली, आणि तिचा आवाज मधेच फुटला.

तो माझा बा होता. मला हवा होता तोच, जसाच्या तसा, चार हातांवर बसलेला. मला धावत बाहेर जायचं होतं, त्यांच्यामध्ये बसायचं होतं, चिंच बरोबरच आहे म्हणून त्याच्याशी भांडायचं होतं. पण कुठल्या तोंडानं जाणार? ताटातला भात वाळत गेला, शाळेची घंटा होऊन गेली, आणि मी तिथंच बसून राहिले.